बद्द वाजणारी जागा

केरीचा मेस्त, म्हणजे होड्यांचा कारागीर, होडी तपासतो ती पाच रुपयांच्या नाण्याने. गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या या टोकाला, तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथून थोडं अलीकडे, सुरूच्या झाडांखाली चुडतांचा मांडव घालून त्याने आपलं काम मांडलंय. मी गेलो तेव्हा मे संपत आला होता. एक पांढरी-निळी फायबरची होडी दोन ओंडक्यांवर पालथी घातलेली, आणि हा तिच्या पाठीवर वैद्यासारखा नाणं वाजवत फिरतोय. टक, टक, टक. मग अचानक आवाज बसला. त्याने तिथेच हात थांबवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘हांगा आयक.’’

डिचोलीत वाढलेल्या माणसाला हा आवाज वेगळा शिकवावा लागत नाही. आमच्याकडे कुंभाराकडून मडकं घेताना आई बोटाच्या पेराने ते वाजवून बघायची. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर परत ठेवायचं. मडक्याची चीर डोळ्याला दिसण्याआधी कानाला कळते. होडीचंही तेच. वरून बघाल तर रंगसुद्धा उडालेला नव्हता. त्या जागी आतले थर एकमेकांपासून सुटले होते, इतकंच.

मेस्ताने खडूने त्या जागेभोवती गोल काढला. मग आणखी वाजवत गेला आणि गोल वाढवत नेला. होडीचा मालक शेजारी उभा होता. त्याच्या मते होडी फक्त एकदा खडकाला घासली होती, मुठीएवढी जागा असेल. खडूचा गोल सुपाएवढा झाला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

‘फायबर’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. पाण्याची टाकी फायबरची, बसचा बंपर फायबरचा, बागेतली घसरगुंडीही फायबरची. खरं तर त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू असतात. एक काचेचा तंतू, केसाहून कितीतरी बारीक, साधारण दहा ते वीस मायक्रॉन जाडीचा. दुसरी वस्तू म्हणजे रेझिन, काकवीसारखं घट्ट आणि नाकात झोंबणारं द्रव. वेगवेगळे बघितले तर दोघेही होडीच्या लायकीचे वाटणार नाहीत. तंतूंचा नुसता गठ्ठा कापसासारखा लोळतो. नुसतं रेझिन सुकलं तर हातोडीच्या एका घावात फुटतं.

काच म्हटलं की आपल्याला फुटणं आठवतं. पण काच मुळात कमजोर नाही. तिच्या पृष्ठभागावरचे न दिसणारे ओरखडे तिला कमजोर करतात. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने काचेचे तंतू ओढून ताणून पाहिले आणि तंतू जितका बारीक तितका तो ताकदवान, हे १९२१मध्ये छापलेल्या निबंधात दाखवून दिलं. बारीक तंतूत मोठा ओरखडा मावायलाच जागा नसते. आज होड्यांना वापरतात तो साधा काचतंतू कारखान्यातून ताजा निघताना त्याच जाडीच्या बांधकामी पोलादी तारेहून कितीतरी जास्त ताण सोसतो, आणि वजन मात्र पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. एक तंतू तुटला तर त्याचा भार रेझिन शेजारच्या तंतूंवर सोपवतं. रेझिनचं खरं काम हेच, भार इकडून तिकडे पोचवण्याचं. दोराला नुसतं ढकलून बघा, तो वाकतो. तंतूही ढकलले की वाकतात. त्यांना बाजूंनी धरून उभं ठेवणं हेही रेझिनकडेच.

इथवरचं वाचून मला समजलं असतं, पण पटलं असतं की नाही शंका आहे. पटलं ते नरकासुरामुळे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे दिवाळी सुरू होते ती नरकासुर जाळून. चतुर्दशीच्या पहाटेपर्यंत वाड्यावाड्यावर बांबू, गवत आणि कागदाचे राक्षस उभे असतात. धड कुणीही बांधतं. खरी अडचण मुखवट्याची. आमच्या वाड्यावर तो एक काका करायचे. आधी चिकणमातीचा चेहरा घडवायचा, त्यावर तेलाचा हात फिरवायचा, आणि मग वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून एकावर एक डकवत जायचं. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कीड आणि बुरशी लागत नाही. दोन दिवसांनी मातीवरून मुखवटा अलगद सुटून यायचा, आणि तो लाकडासारखा कडक असायचा.

काकांचा एक नियम होता. एक थर उभ्या पट्ट्यांचा दिला की दुसरा आडव्या पट्ट्यांचा द्यायचा. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. रद्दीतलं एखादं वर्तमानपत्र घ्या आणि एकदा वरून खाली, एकदा डावीकडून उजवीकडे फाडून बघा. एका दिशेने सरळ, पट्टी धरल्यासारखं फाटेल. दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं, दातरे पाडत. कागद बनतानाच त्याचे तंतू यंत्राच्या धावण्याच्या दिशेने पसरतात. काका त्या दिशेवर मात करत होते.

केरीचा मेस्त आणि मोठमोठे अभियंतेही तेच करतात. आकडे बघा. काचेचा ताठपणा साधारण ७२ एकक धरला तर रेझिनचा फक्त ३. (एकक म्हणजे गिगापास्कल, नाव विसरलात तरी चालेल.) अर्धी काच, अर्धं रेझिन आणि सगळे तंतू एकाच दिशेला अशी पट्टी घ्या. तंतूंच्या दिशेने ओढली तर तिचा ताठपणा भरतो ३७च्या आसपास. तीच पट्टी आडवी ओढली तर जेमतेम ६. एकच वस्तू एका अंगाने सहापट ताठ. लोखंडाचा पत्रा असा वागत नाही, त्याला सगळ्या दिशा सारख्या. म्हणून लोखंडाचा कारागीर जाडी विचारतो. फायबरच्या माणसाने आधी विचारावं, जोर कुठून येणार? होडीच्या लांबीवर लाटेचा वाक येतो, तिथे उभे-आडवे तंतू हवेत. डोलकाठीच्या बुडाशी, सुकाणूच्या दांड्याशी पीळ पडतो, तिथे तिरके, ४५ अंशांत दोन्हीकडे. आणि हे थर वरून मोजले काय की खालून, क्रम सारखाच यावा लागतो. नाहीतर रेझिन सुकून थंड होताना एक अंग जास्त आक्रसतं आणि अख्खी फळी पापडासारखी वळते. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद डकवला की तो वाकडा होतो, हे बुकबाइंडरला माहीत असतं. तो दुसऱ्या बाजूलाही कागद डकवतो.

पण काकांच्या मुखवट्याने मला आणखी एक गोष्ट शिकवली होती, आणि ती थोडी लाजिरवाणी आहे. एका वर्षी घाई होती म्हणून आम्ही पोरांनी आतले थर सुकायच्या आधीच वरचे चढवले. वरून मुखवटा देखणा दिसत होता. मिरवणुकीत नरकासुराने मान हलवली आणि त्याचा गाल पानासारखा उलगडला. कागद कुठेही फाटला नव्हता, दोन कागदांमधली खळ सुटली होती.

या साहित्याचं दुखणं इथेच आहे. थराच्या आत तंतू आहेत, ते शर्थीने लढतात. दोन थरांच्या मध्ये मात्र तंतू नाहीत, फक्त रेझिनचा पातळसा पापुद्रा. होडी खडकावर आपटली, रेतीवर ओढताना बुडाखाली दगड आला, इंजिन लावताना हातातून निसटलं, की वरच्या रंगाला काही होत नाही, पण आतला पापुद्रा फाटतो. मग दर लाटेला ती जागा उघडझाप करते आणि फाट पुढे सरकते. अभियंते याला डिलॅमिनेशन म्हणतात. मेस्त म्हणतो, ‘‘थर सुटलो.’’ विमानाच्या पंखांच्या कारखान्यांतही तपासनिसाच्या खिशात छोटी हातोडी असते. अल्ट्रासाउंडचं महागडं यंत्र येण्याआधी कान असतोच. मोपा विमानतळाच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या एअरबसच्या उभ्या शेपटीतही असलेच थर आहेत, फक्त काचेऐवजी कार्बनचे.

मेस्ताच्या तरुणपणी हे फायबर वगैरे काही नव्हतं. त्याचे वडील लाकडी होड्या बांधत. फळ्यांना काठाने भोकं पाडून त्या काथ्याने शिवायच्या, शिवणीत नारळाची सोडणं ठासायची, आणि वरून काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचं. त्या तेलाने हाताची कातडी जायची, पण लाकडाला कीड लागायची नाही. गंमत अशी की याच तेलातल्या कार्डेनॉल नावाच्या घटकापासून आता इपॉक्सी या रेझिनला कडक करणारी द्रव्यं बनतात आणि ती जहाजांच्या रंगांत वापरली जातात. डिचोली-पेडण्यात काजू भाजणाऱ्या बायांची बोटं काळी करणारं तेच तेल.

मग कधीतरी फायबर आलं. हलकं, किडत नाही, दर पावसाळ्याआधी तेल लावायला नको. मेस्तही त्याकडे वळला. कसा शिकलास, म्हणून विचारलं तर म्हणाला, हात भाजून. ते शब्दशः खरं होतं. त्याने मला मगात रेझिन ओतून दाखवलं. आधी कोबाल्टचे थेंब घालून जांभळट रेझिन नीट ढवळायचं, त्यानंतरच रेझिन घट्ट करणारं कॅटॅलिस्ट, शेकडा एक-दीड. ही दोन द्रव्यं थेट एकमेकांत मिसळली तर भडका उडतो, म्हणून त्या बाटल्या त्याच्याकडे मांडवाच्या दोन टोकांना ठेवलेल्या असतात. मेमधल्या उन्हात रेझिनचा मग लवकर तापतो. उरलेल्या रेझिनमध्ये मी बोट लावायला गेलो तर त्याने माझा हात झटकला. पाच मिनिटांत मगातून वाफा आल्या, तो तडकला आणि आतलं रेझिन खड्यासारखं घट्ट झालं. होडीवर पातळ पसरलेलं तेच रेझिन उष्णता हवेत सोडून देतं. मगात ती कोंडते.

मग त्याने थर कसे देतात ते दाखवलं. आधी मॅट, विस्कटलेल्या तंतूंची गोधडी. मग रोव्हिंग, चटईसारखं विणलेलं कापड. पुन्हा मॅट. ब्रशने रेझिन पाजायचं आणि लोखंडी खाचांचा रोलर फिरवून हवेचे बुडबुडे हाकलायचे. पांढरी मॅट रेझिन प्यायली की पारदर्शक होते. कुठे पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा आहे. नव्या हाताचा कामगार रेझिन जास्त ओततो, होडी गुळगुळीत चकचकीत दिसते आणि मालक खूश होतो. पण रेझिन जास्त म्हणजे काच कमी, वजन जास्त आणि ताकद कमी. प्रयोगशाळेत तुकडा भट्टीत जाळून हे बघतात. रेझिन जळून जातं, काच उरते, आणि तिचं वजन केलं की किती काच घातली ते उघड होतं. पाण्यात वर्षं काढलेल्या होडीवर कधी फोड येतात. मेस्ताने असा एक फोड सुईने टोचून दाखवला, आतलं पाणी बाहेर आलं आणि व्हिनेगरचा वास सुटला. पाणी जेलकोटमधून, म्हणजे वरच्या चकचकीत थरातून, थेंबाथेंबाने झिरपतं आणि आत कच्च्या राहिलेल्या रेझिनशी त्याची रासायनिक क्रिया होते, तिचा तो वास.

मेस्ताचे हेच थर मोठ्या समुद्रातही जातात. डिचोली तालुक्यातल्या नार्वेहून दिवाडी बेटावर जायला फेरी आहे. इतिहासात ही वाट उलटीही चालली आहे. दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगिजांनी पाडलं तेव्हा लिंग नदी ओलांडून नार्व्याला आलं, आणि १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे जीर्णोद्धार करवला. आज तीच नदी ओलांडून दिवाडीला जावं ते तिथल्या होड्यांसाठी. रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली, भारतीय नौदलाची ५६ फुटी शिडाची होडी. मांडवीचंच जुनं नाव तिला दिलं. १२ फेब्रुवारी २००९ रोजी ती नौदलात दाखल झाली आणि त्याच ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिला घेऊन एकटेच पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. १९ मे २०१० रोजी ते मुंबईला परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमींनी त्याच होडीने कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. तिची बहीण ‘तारिणी’ याच बेटावर जन्मली, १८ फेब्रुवारी २०१७ रोजी नौदलात गेली, आणि त्याच सप्टेंबरमध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यातून निघाल्या. २१ मे २०१८ रोजी त्या गोव्यात परतल्या, २१,६०० सागरी मैल कापून. २०२४-२५मध्ये दिल्ना के. आणि रूपा ए. या दोघींनी त्याच तारिणीतून पुन्हा एक फेरी पूर्ण केली. दक्षिण महासागरातल्या लाटा घराएवढ्या उंच असतात. त्यांचे तडाखे सोसणारी पाठ दिवाडीत, मांडवीच्या चिखलाकाठी, थरावर थर देत बनली होती.

या पाठीची रचना सांगायला मला पुन्हा डिचोली तालुक्यातच यावं लागतं. त्रिपुरारी पौर्णिमेला सांखळीजवळ विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात. स्पर्धेसाठी त्या बनवताना पोरांना एक क्लृप्ती माहीत असते. नुसता थर्माकोल कट्‌कन मोडतो, नुसतं कार्डशीट लवतं; पण थर्माकोलच्या दोन्ही अंगांना कार्डशीट डकवलं की फळी ताठ होते. म्हादेई-तारिणीच्या पाठीत थर्माकोलच्या जागी लाकूड आहे आणि कार्डशीटच्या जागी काचतंतू. फळी वाकते तेव्हा एक अंग ताणलं जातं, दुसरं दाबलं जातं, मधल्या भागाला त्यातलं फारसं काही वाटत नाही. मग मधे जड काच कशाला घालायची? हलका गाभा काचतंतूंच्या दोन्ही कातड्यांना एकमेकींपासून लांब धरतो आणि त्यांना सरकू देत नाही. नुसत्या फळीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. गाभा घालून ही जाडी जवळजवळ फुकट मिळते. मात्र गाभा आणि कातडी यांच्यातली डकवण सुटली की उरतात दोन लवचिक कागद. तिथेही नाणं बद्द वाजतं.

याच दांडेकरांच्या ‘होडी इनोव्हेशन्स’ने दिवाडीत एक अगदी उलट काम केलं. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रातलं जहाज बघून, केरळच्या बाबू शंकरन या कारागिराच्या देखरेखीखाली, फळ्या काथ्याने शिवून एक शिडाचं जहाज उभं केलं. त्याचं नाव ‘कौंडिण्य’. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं. काचतंतू शेकडा चार-पाच भाग ताणला की तुटतो. काथ्या शेकडा पंधराहून अधिक ताण सहज घेतो. त्यामुळे शिवलेलं जहाज लाटेवर थोडं हलतं, कुरकुरतं, जोर शिवणीशिवणीत वाटून घेतं. फायबरची पाठ जागच्या जागी ताठ उभी राहते, आणि हरते तेव्हा सांगून हरत नाही. एकाच अंगणात हे दोन्ही प्रकार उभे राहिले याचं मला मोठं अप्रूप वाटतं. तंतू आणि डिंक हे दोन्हींतही आहेत. फरक आहे तो त्या दोघांना एकमेकांशी किती घट्ट बांधायचं याचा.

बार्देशातल्या पिळर्ण औद्योगिक वसाहतीत किनेको ही शेखर सरदेसाईंनी १९९४मध्ये काढलेली कंपनी आहे. रेल्वेच्या डब्यांच्या आतल्या भागांपासून अंतराळ क्षेत्रापर्यंत ती हेच थर देते. तिथे बनलेल्या एका वस्तूचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. युद्धनौकेच्या नाकाखाली पाण्यात एक मोठा फुगवटा असतो, त्यात पाण्याखालचं आवाजाने टिपणारं सोनार यंत्र बसतं. या फुगवट्याने समुद्राचे धपाटे खायचे आणि तरी आवाज न अडवता आरपार जाऊ द्यायचा. पोलादाला ते जमत नाही, आवाज त्यावर आपटून परत फिरतो. काचतंतूंच्या थरांना जमतं. पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने आराखडा केला, पिळर्णात तो घडला, आणि २०१६मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांच्या हस्ते तो रवाना झाला. पर्रीकर स्वतः आयआयटीतले धातुशास्त्राचे पदवीधर. धातूची जागा घेणाऱ्या वस्तूला त्यांनी निरोप द्यावा, हा योगायोग त्यांच्या नजरेतून सुटला नसावा.

सगळं गोड नाही. मेस्ताच्या मांडवामागे पाच-सहा मेलेल्या होड्या पडल्या आहेत. लाकडी होडी मेली की तिची फळी चुलीत जायची, नाहीतर गोठ्याचं दार व्हायची. हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. लोखंडासारखं भंगारात विकता येत नाही. जाळलं तर काळा, घशात अडकणारा धूर, आणि मागे काचेचा भुगा. नदीच्या मुखाशी, खारफुटीत, वाडीच्या कुंपणाला टेकवलेल्या अशा होड्या आता किनाऱ्याने जागोजाग दिसतात. त्यांचं पुढे काय करायचं याची सोय होडी विकत देतानाच कुणीतरी करायला हवी होती.

दुपारी उशिरा मेस्ताने खडूच्या गोलाच्या आत ग्राइंडर चालवला. काचेचा भुगा उडत होता. त्याने तोंडाला जुना पंचा बांधला होता. मास्क का नाही, म्हणून विचारलं तर हसला. तो नुसतं भोक पाडून ठिगळ लावत नाही. कडेने लांब उतार काढतो, पाठीची जाडी पाच मिलिमीटर तर उतार साठ मिलिमीटरचा, म्हणजे बारापट. मग त्या उतारावर सगळ्यात लहान तुकडा, त्यावर मोठा, त्यावर आणखी मोठा. उतार आखूड ठेवला तर सगळा जोर ठिगळाच्या कडेला येतो आणि पहिल्याच वाऱ्यात ते सुटतं.

मालक अजूनही पैशांवर कुरकुर करत होता. एवढ्याशा घासण्याचे एवढे पैसे? मेस्त काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेलो तेव्हा ठिगळ सुकून कडक झालं होतं, रंग अजून बाकी होता. मालक होडीभोवती दोनदा फिरला. मग खिशात हात घालून त्याने स्वतःचं नाणं काढलं, जुन्या पाठीवर वाजवलं, मग ठिगळावर, मग दोघांच्या मधल्या उतारावर, सावकाश, प्रत्येक बोटभर अंतरावर कान लावून. आणि मगच पैसे मोजायला घेतले.